रविवारचा डबा

“तुमची सून नाही आली?”

चिंतामणी सरांनी हे विचारलं तेव्हा द्रौपदीबाईंच्या अंगावर काळा झगा होता, डोक्यावरची चौकोनी टोपी सारखी डाव्या कानावर घसरत होती आणि हातात अर्धा पेढा होता. पेढा तोंडात टाकावा, म्हणजे बोलायला नको, असं त्यांच्या मनात आलं. पण सर उत्तरासाठी थांबले होते. थांबण्यात त्यांचा हात कुणी धरू शकलं नसतं. वर्गात प्रश्न विचारला की ते खिडकीबाहेर बघत उभे राहायचे, आणि शेवटी कुणाला तरी लाज वाटून तोंड उघडावंच लागायचं.

“यांच्यापाशी कुणीतरी पाहिजे ना सर,” द्रौपदीबाई म्हणाल्या.

“ते झालं आजचं.” सरांनी आवाज खाली आणला. “पण परीक्षेला तर मी बदलापूरची सोय केली होती हो. तुम्ही सकाळी इथं, ती दुपारी तिथं. तुम्ही निरोप दिला होता ना तिला?”

आजूबाजूला खुर्च्या सरकत होत्या, लोक एकमेकांच्या टोप्या सरळ करत होते, कुणाचं तरी लहान पोर झग्याला लोंबकळून रडत होतं. या गोंधळात एक खरं वाक्य बोलून टाकलं असतं तर ते कुणाला ऐकूही गेलं नसतं. सरांना सोडून.

“दिला होता की,” द्रौपदीबाई म्हणाल्या. “तिलाच नाही जमलं, सर.”

“असो. मुलगी हुशार आहे. पण जिद्द थोडी कमी पडते, काय?”

द्रौपदीबाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात सोनियानं येऊन त्यांचा दंड धरला. सोनिया उल्हासनगरातल्या कॅम्प दोनच्या मार्केटात नवऱ्याबरोबर कपड्याचं दुकान चालवायची आणि तीन वर्षं द्रौपदीबाईंच्या शेजारच्या बाकावर बसली होती. “आंटी, इधर देखो! फोटो काढतोय तो. अरे हसा ना, आपण ग्रॅज्युएट झालो!”

द्रौपदीबाई हसल्या. फोटो छान आला.

*

द्रौपदी शिवराम खरात उल्हासनगरच्या एका सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात आया होत्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना जागा करून दिली होती. धाकट्या भावाला पुढं शिकता यावं म्हणून स्वतः नववीतून घरी बसल्या. मुलाच्या आयटीआयसाठी रात्रपाळ्या मागून घेतल्या. घरात मटण शिजलं की त्यांच्या वाट्याला रस्सा यायचा, आणि त्यांना रस्साच आवडतो असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यांनीही कधी ते खोडून काढलं नव्हतं.

त्यांना कॉलेजात नेलं ते प्रीतीनं. मुलाची, महेंद्रची, बायको म्हणून ती विठ्ठलवाडीत, एसटी डेपोमागच्या त्यांच्या दोन खोल्यांत आली तेव्हा तिची बारावी झालेली होती. पुढचं शिक्षण लग्नामुळे राहिलं होतं. विद्यापीठाची एक निरंतर शिक्षण शाळा आहे, नोकरीधंदा करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी, वर्ग फक्त रविवारी, तेही कॅम्प चारमधल्या एका शाळेच्या इमारतीत, हे तिनंच शोधून काढलं. एकटीच्या चौकशीला गेली आणि दोघींची चौकशी करून आली.

“आई, तुम्ही पण चला ना.”

“मी? येडी का गं तू? माझं वय बघ.”

“तिथं वय नाही विचारत. दोन फोटो मागतात फक्त.”

द्रौपदीबाईंना आधी पूर्वतयारीची परीक्षा द्यावी लागणार होती. त्यात वर्ष जाणार. तेवढं वर्ष प्रीती थांबली. “एकदमच बसू,” म्हणाली, जसं काही दोघींना मिळून बाजारात जायचं होतं. पुढं द्रौपदीबाईंना रात्री झोप लागेनाशी झाली ती याच गोष्टीनं. पोरगी त्यांच्यासाठी अख्खं वर्ष थांबली होती, आणि त्यांच्याकडून तिला एक निरोप सांगणं झालं नव्हतं.

पहिल्याच वर्षी द्रौपदीबाईंच्या नवऱ्याला, शिवरामभाऊंना, अर्धांगाचा झटका आला. डेपोत मेकॅनिकचं काम करून निवृत्त झालेला धिप्पाड माणूस उजव्या अंगानं लुळा पडला. घास भरवावा लागायचा, तोही जपून, कारण मध्येच ठसका लागला की जीव कासावीस व्हायचा. शेजारच्या अंजनीवहिनी तासभर येऊन बसायच्या, पण शिवरामभाऊंना उचलून संडासापर्यंत नेणं काही त्यांच्याच्यानं व्हायचं नाही. महेंद्र आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटावर फिटर. यंत्रं रविवारी बंद, म्हणून दुरुस्ती रविवारी. खाडा केला की कंत्राटदार दुसरा माणूस उभा करणार. मग सासू-सुनांनी रविवार वाटून घेतले. एक रविवार हिचा, एक तिचा.

हे जमलं ते सरांच्या डब्यामुळे.

चिंतामणी सर म्हणजे केंद्राचे प्रमुख. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला राहायचे, एका हायस्कुलातून निवृत्त झालेले, आणि मोबाईलवर त्यांचा जुना राग होता. “मोबाईलवर पाठवलेलं कुणी वाचत नाही. तोंडानं सांगितलेलं पोटात जातं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या केंद्रात मोबाईलवरचा गटबिट काही नव्हता. त्याऐवजी एक रीत होती. वर्गातल्या निम्म्या लोकांची कुठल्या तरी रविवारी ड्यूटी असायची, कुणाचं कुणी आजारी असायचं. जो हजर असेल त्यानं एका गैरहजर माणसाकडे त्या दिवशीचा वर्ग न्यायचा. त्याच दिवशी, तोंडी, धड्यापासून सूचनांपर्यंत सगळा. वर्ग सुटताना सर दारात उभे राहून विचारायचे, “आजचा डबा कुणाला?” मग आनंदनगरच्या गेटवर वॉचमन असलेला गंधार आपल्या जोडीदाराचं नाव सांगायचा, सोनिया आपल्या नणंदेचं, आणि द्रौपदीबाई नाहीतर प्रीती एकमेकींचं.

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आत घरी राहिलेली विचारायची, “काय आणलं डब्यात?” मग एकीनं पाय धुता धुता, भाकरी थापता थापता सगळं सांगायचं आणि दुसरीनं ऐकायचं. सांगून संपलं की ऐकणारीनं विचारायचं, “अजून काही?” आणि सांगणारीनं म्हणायचं, “नाही, एवढंच.” हे झालं की डबा संपला.

खरं सांगायचं तर द्रौपदीबाईंचा डबा प्रीतीच्या पोटात पोचला की मगच त्यांना स्वतःला कळायचा. वर्गात त्यांनी समाजशास्त्रातलं काहीबाही लिहून आणलेलं असायचं, ते त्या जसंच्या तसं सांगायच्या, आणि प्रीती कांदा चिरता चिरता म्हणायची, “म्हणजे आई, आपल्या अंजनीवहिनींच्या घरात झालं तसंच ना?” मग द्रौपदीबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडायचा. कौतुकही वाटायचं, आणि कुठंतरी बारीकसं टोचायचंही. वर्गात आपण बसायचं, आणि कळायचं हिला.

*

तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेचे चार रविवार जाहीर झाले आणि पेच पडला. डबा नेऊन परीक्षा देता येत नाही. आधीच्या दोन वर्षी पेपर संध्याकाळी असायचे, तेव्हा महेंद्र घरी आलेला असायचा; या वेळी ते दोघींचे एकाच वेळी, सकाळी. घरी एकीला राहणं भाग होतं.

प्रीतीला त्या पदवीची निकड होती. विठ्ठलवाडीतल्या एका पतपेढीत कारकुनाची जागा रिकामी होत होती. तिथल्या विनिता मॅडम तिला ओळखायच्या, म्हणाल्या होत्या, “निकाल घेऊन ये, मी शब्द टाकते.” महेंद्रच्या कंत्राटाचा काही भरवसा नव्हता, आणि प्रीती ती जागा मिळाल्यासारखीच धरून चालली होती. पतपेढीत पंख्याखाली बसायचं, घरापासून चालत पाच मिनिटं, बाबांना मधल्या सुट्टीत येऊन बघता येईल, असं सगळं तिनं मनात मांडून ठेवलं होतं.

आणि द्रौपदीबाईंना? आयाची बढती होऊन होऊन किती होणार? वर्षभरात त्या निवृत्तच होणार होत्या. त्यांना फक्त हौस होती. घरात पहिली पदवी आपली असावी, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे एकदा मान वर करून बघता यावं, एवढीच.

“आई, तुम्ही बसा,” प्रीती एका संध्याकाळी म्हणाली. “तुमची नोकरी आहे तोवर होऊ दे. दवाखान्यात पेढे वाटता येतील. मी पुढच्या वर्षी देते.”

इथं द्रौपदीबाईंनी “छे, तू बस” म्हणायचं होतं. जन्मभर हेच तर म्हणत आल्या होत्या, ते शब्द त्यांच्या तोंडात बसलेले होते. पण त्या संध्याकाळी ते आलेच नाहीत. त्या म्हणाल्या, “बघू.” आणि खरातांच्या घरात “बघू” म्हटलेली गोष्ट पुन्हा कुणी बघत नसे. दुसऱ्या दिवसापासून सगळे धरूनच चालले की आई बसणार.

मग मार्चमधला तो रविवार आला.

त्या दिवशी सरांनी द्रौपदीबाईंना उभं केलं. कुटुंब या विषयावर त्यांनी लिहिलेलं उत्तर सरांना फार आवडलं होतं, ते त्यांनी वर्गाला वाचून दाखवायला सांगितलं. बाळंतिणीच्या वॉर्डाबाहेर कोणकोण येऊन बसतं, पहिला फोन कुणाला लावतात, मुलगी झाली की कोणती आत्या आधी उठून जाते, असं त्यांनी लिहिलं होतं. द्रौपदीबाई आधी अडखळल्या, मग सुरात आल्या. वर्ग हसला, मग गप्प झाला, आणि शेवटी टाळ्या पडल्या. गंधार तर शिट्टी वाजवायच्या बेतात होता. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी आपल्यासाठी वाजलेल्या टाळ्या त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. कान गरम झाले होते.

वर्ग सुटताना सरांनी त्यांना बाजूला घेतलं. “द्रौपदीबाई, ऐका. बदलापूरच्या केंद्रात पाळीवाल्या कामगारांसाठी दुपारची तुकडी सुरू होते आहे. वेगळा पेपर, तीन वाजता. मी प्रीतीबद्दल बोललो आहे. तुम्ही एक वाजता सुटलात की ती निघू शकेल. तिला सांगा, बुधवारच्या आत मला स्वतः येऊन नाहीतर फोन करून हो म्हणायचं. विसरू नका हं. आज डबा तिलाच ना?”

“तिलाच सर,” द्रौपदीबाई म्हणाल्या.

घरी आल्या. प्रीतीनं विचारलं, “काय आणलं डब्यात?” आणि द्रौपदीबाईंनी टाळ्या आणल्या होत्या. त्या त्यांनी वाढल्या. सर काय म्हणाले, सोनिया काय म्हणाली, कोण कुठं हसलं, सगळं. प्रीतीनं हातातलं काम टाकलं, त्यांना उत्तर पुन्हा वाचायला लावलं, खाटेवरच्या शिवरामभाऊंनाही ऐकवलं. त्यांच्या ओठाचा डावा कोपरा हलला, ते हसले असावेत. मग धडा झाला, थोडक्यात, कारण त्या दिवशी धड्यात कुणालाच रस नव्हता.

“अजून काही?” प्रीतीनं विचारलं.

“नाही, एवढंच.”

निरोप आठवला तो शुक्रवारी, ड्यूटीवर. एका बाळंतिणीची आई वॉर्डाच्या दारात त्यांचा हात धरून म्हणाली, “मावशी, माझा जावई येईल, त्याला सांगा मी खाली चहाला गेली. इसरू नका हा.” द्रौपदीबाई “नाही विसरत” म्हणाल्या आणि तशाच भिंतीला टेकल्या. बुधवार होऊन गेला होता.

सरांना फोन करता आला असता. सर भले माणूस, हातापाया पडलं असतं तर बदलापूरला जाऊनही आले असते. द्रौपदीबाईंनी दोनदा फोन हातात घेतला. पण ज्या माणसानं परवा भर वर्गात आपलं कौतुक केलं त्याला काय सांगायचं? की तुमच्या टाळ्यांनी माझं डोकं फिरलं? आणि घरी प्रीतीला काय सांगायचं? शनिवार गेला. रविवारी पाळी प्रीतीची होती, तर सरांनाच ताप आला आणि वर्ग रद्द झाल्याचं शाळेच्या शिपायानं कळवलं. त्यानंतर परीक्षेपर्यंत वर्ग नव्हतेच. आता सांगून काय उपयोग, असं द्रौपदीबाईंनी स्वतःला बजावलं, आणि उपयोग खरोखरच संपेपर्यंत त्या गप्प राहिल्या.

पण त्यांना खाणारी गोष्ट वेगळीच होती. आपण विसरलो, की आपल्याला विसरायचं होतं? दुपारी प्रीती बसली असती तर तिला आपल्यापेक्षा जास्त मार्क पडले असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरातली पहिली पदवी दोघींची झाली असती, आणि त्यातही वरची तिची. हा विचार त्या रविवारी डोक्यात आला होता का? त्यांनी पुष्कळ आठवून पाहिलं. आला नव्हता, असं शपथेवर सांगता येईना.

परीक्षेच्या चारही रविवारी प्रीतीनं त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली, दोन पेनं तपासून पिशवीत टाकली, आणि दारापर्यंत येईतो प्रश्न विचारत राहिली. तिसऱ्या पेपरला तर द्रौपदीबाईंना उत्तर आठवलं ते प्रीतीच्या आवाजात, मध्ये कांदा चिरण्याच्या आवाजासकट. त्यांनी ते लिहून काढलं. पहिला वर्ग मिळाला.

*

पतपेढीतली जागा जुलैत भरली गेली. अंबरनाथची कुणी मुलगी लागली. विनिता मॅडम वाटेत भेटल्या तेव्हा प्रीतीच त्यांची समजूत घालून आली. “त्या तरी किती थांबणार आई? थांबल्या होत्या बिचाऱ्या,” असं म्हणाली आणि शिवरामभाऊंची चादर बदलायला लागली.

झग्यातला फोटो महेंद्रनं मोठा करून आणला आणि बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खालच्या खिळ्याला लावला. “आपल्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बघतो का बाबा?” तो वडलांना म्हणाला. रोज सकाळी केर काढताना प्रीती तो फोटो पुसायची. द्रौपदीबाई तेवढ्यात मोरीत जायच्या.

नवीन वर्ष सुरू झालं तसं त्यांनी जाहीर केलं, “आता सगळे रविवार तुझे.” इतकी वर्षं रविवार पाळ्या बदलून सांभाळले होते, आता दवाखान्यात भांडून त्यांनी साप्ताहिक सुट्टीच रविवारची करून घेतली. प्रीती पहिल्या रविवारी निघाली तेव्हा तिनं दोनदा मागं वळून पाहिलं. “बाबांना अकरा वाजता औषध हां. आणि उचलताना कमरेतून नका वाकू.” “अगं जा बाई, मी आया आहे,” द्रौपदीबाई म्हणाल्या. तिला जाताना बघून त्यांना बरं वाटलं. पण तेवढ्यानं फिटणारं नव्हतं, हेही त्यांना कळत होतं.

संध्याकाळी प्रीती आली ती डबा घेऊनच.

“तुम्हाला आता नको असेल ना? तुमचं तर झालंय हे सगळं.”

“आण की. विसरले मी.”

मग दर रविवारी तेच. सरांनी दारात विचारलं की प्रीती म्हणायची, “आईंना.” वर्ग हसायचा. पास झालेल्या बाईला कसला डबा? सर म्हणायचे, “नेऊ दे, नेऊ दे.” आणि द्रौपदीबाई आपण पास झालेले धडे एकेक करून पुन्हा ऐकायच्या. त्यांच्याहून कितीतरी चांगले सांगितलेले असायचे ते. ही आपली शिक्षा आहे असं त्यांना वाटायचं, आणि शिक्षा इतकी गोड असावी याचीही लाज वाटायची.

सांगून टाकायचं त्यांनी कितीदा तरी ठरवलं. एकदा दिवाळीच्या आधी, दोघी करंज्या लाटत असताना, त्यांनी सुरुवातही केली. “प्रीती, यंदा ना, मार्चमध्ये…”

“काय?”

प्रीतीनं वर पाहिलं. कपाळाला पीठ लागलेलं. काही वाईट ऐकायला मिळेल असं त्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं. द्रौपदीबाईंनी लाटणं पुन्हा हातात घेतलं.

“मार्चमध्ये… तेल महाग झालं होतं बघ. आताही होणार.”

“होऊ दे. घेऊन ठेवलंय मी,” प्रीती म्हणाली.

*

असा फेब्रुवारी उजाडला. परीक्षेआधीचा शेवटचा वर्ग होता. प्रीती उशिरा आली. चपला नेहमीसारख्या भिरकावल्या नाहीत, जोडीनं ठेवल्या. द्रौपदीबाई शिवरामभाऊंच्या उशाशी बसून त्यांना पेज भरवत होत्या. गळ्याभोवती फडकं बांधलेलं, चमचा अर्धा भरायचा, ओठाला लावायचा, गिळल्याचं दिसलं की पुढचा.

“काय आणलं डब्यात?” त्यांनी विचारलं.

प्रीतीनं हातपाय धुतले, मेथीची जुडी आणि ताट घेऊन ती खाटेच्या पायथ्याशी बसली आणि पानं खुडता खुडता धडा सांगितला. शेवटचा होता, मोठा होता, सगळा सांगितला. कुठल्या प्रश्नाला किती वेळ द्यायचा असं सर म्हणाले तेही सांगितलं. गंधारला मुलगी झाली, तुमच्याच दवाखान्यात, तो वर्गावर येऊन पेढे वाटून गेला, हेही सांगितलं. मग मेथीची एक काडी तिनं दोनदा खुडली.

“सरांनी मला उभं केलं आज. विचारलं, या वेळी सकाळी इथंच बसणार ना? का गेल्या वर्षीसारखं? मला कळेना. मग ते म्हणाले, बदलापूरची दुपारची सोय केली होती तुझ्यासाठी, तेव्हा आली नाहीस. आता तरी जिद्द धर.”

द्रौपदीबाईंचा चमचा पेजेतून वर आला होता, तो तिथंच राहिला. इतके महिने हा क्षण त्यांनी मनात नाना तऱ्हांनी पाहिला होता. प्रीती रडते, महेंद्र ओरडतो, सर तोंड फिरवतात. पण तो असा, मेथी निवडताना, साध्या आवाजात येईल असं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

“सर म्हणाले, सासूबाईंनी निरोप दिला होता ना?”

“मग?” द्रौपदीबाई म्हणाल्या.

“म्हटलं, दिला होता.” प्रीतीनं मान वर केली नाही. “म्हटलं, मीच नाही आले.”

डेपोत एक एसटी मागं घेत होते, कंडक्टरची शिट्टी वाजत राहिली. शिवरामभाऊ तोंड उघडं ठेवून घासाची वाट बघत होते.

“सगळ्या वर्गासमोर?” द्रौपदीबाईंनी विचारलं.

“हो. सगळे होते ना.”

“प्रीती, मी…”

“आई, बाबा थांबलेत.”

द्रौपदीबाईंनी चमचा शिवरामभाऊंच्या ओठाला लावला. थोडी पेज हनुवटीवरून ओघळली, ती त्यांनी पदरानंच टिपली. डोळे भरून आले होते पण ते पुसायला आता हात मोकळा नव्हता. समोर भिंतीवर झगा घातलेली बाई टोपी सावरत हसत होती. आज सकाळीच पुसलेली काच, त्यामुळे ती अगदी स्वच्छ दिसत होती. पुढचा चमचा, मग त्याच्या पुढचा. वाटी रिकामी झाली. त्यांनी फडकं सोडलं, शिवरामभाऊंचं तोंड ओल्या कपड्यानं पुसलं, उशी सारखी केली. आता करण्यासारखं काही उरलं नाही.

तेव्हा त्यांनी विचारलं, “अजून काही?”

“नाही,” प्रीती म्हणाली, “एवढंच.” आणि ताट त्यांच्याकडे सरकवून तिनं राहिलेली अर्धी जुडी दोघींच्या मध्ये सोडली.